जुन्या गाडीचा ड्रम काढण्याआधी



जुनी जीप किंवा जुना ट्रक हौसेनं सांभाळणाऱ्या माणसाला कोणी ना कोणी सल्ला देतोच, "शेठ, ते ड्रम काढा आणि डिस्क टाका." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. सल्ला मात्र अर्धाच असतो, आणि ब्रेकच्या बाबतीत अर्ध्या कामासारखं धोक्याचं दुसरं काही नाही. म्हणून आज उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलू.

आपल्याकडे जुना ट्रक म्हटलं की आधी आठवतो तो टाटा-मर्सिडीज. १९५४ साली टाटांच्या टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. १९६९ मध्ये करार संपला, नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला, गाडी जवळजवळ तीच राहिली. कुर्ल्याला प्रीमियर कंपनी डॉज आणि फार्गो बांधायची, महिंद्राच्या जीपा होत्या. या सगळ्या गाड्यांना चारही चाकांत ड्रम ब्रेक असत.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बिडाचा पोकळ, गोल डबा. त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात आणि शूवर लायनर चिकटवलेला किंवा रिबिटनं ठोकलेला असतो. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल पायपातून व्हील सिलिंडरपर्यंत जोर नेतं, शू फाकतात आणि लायनर ड्रमला आतून घासतो. या रचनेत एक खुबी आहे. फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढतो आणि ती शू आणखी घट्ट दाबली जाते. म्हणजे आपल्या पायाचा काही जोर गाडीच आपल्याला परत देते. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसतानाही जुन्या गाड्या थांबत, त्या या खुबीमुळे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अडणार आहे.

डिस्क त्याहून साधी. चाकाबरोबर एक उघडी चकती फिरते आणि कॅलिपरमधले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. सायकलच्या रिमला रबराचे दोन तुकडे पकडतात ना, तसंच. इथं चकती पॅडला ओढून घेत नाही. जेवढा जोर पाय देईल तेवढाच ब्रेक लागेल.

मग डिस्कचा फायदा काय? उष्णता. ब्रेकचं खरं काम गाडीच्या वेगाची उष्णता करून ती हवेत सोडणं हे आहे. दहा टनांचा भरलेला ट्रक ताशी ६० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबला, तर जी उष्णता निघते तिच्यात साधारण पावणेपाच लिटर पाणी उकळीला येईल. आता हाच ट्रक घाटातून ३०० मीटर खाली उतरवा, तोही नुसत्या ब्रेकवर. तेवढ्या उतरणीत शंभर लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता त्या चार चाकांत कोंडते.

सुरतेच्या माणसाला घाट सांगायला नको. हजिऱ्याहून निघालेला ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, ज्याला आपण अजून सहा नंबरच म्हणतो, तो बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत पुढे कोंडाईबारीच्या घाटातून साक्री-धुळ्याकडे जातो. खानदेशातून इथं आलेल्या घरांना दिवाळीत, लग्नसराईत हाच रस्ता. नाशिकला जायचं तर वघईवरून सापुताऱ्याचा घाट. सारख्या दाबलेल्या ब्रेकवर अशा उतारावर ड्रम तापतो, आणि तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून दूर सरकतो. पेडल खाली खाली जायला लागतं. त्यातच तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. ड्रायव्हर जोरात दाबतो, ब्रेक लागत नाही, आणि जळका वास येतो. डिस्क तापली तर जाड होते, म्हणजे पॅडच्याच दिशेनं फुगते. शिवाय ती उघड्यावर असल्यानं वारा तिला गार करतो.

दुसरा फायदा पाण्यात. लिंबायत, पर्वत गाम भागात मिठी खाडी चढते तेव्हा रस्त्यावर किती पाणी असतं हे तुम्ही पाहिलंय. २००६ च्या ऑगस्टचा तापीचा पूर तर ज्यानं पाहिला तो विसरणार नाही. पाण्यातून बाहेर आलेल्या ड्रमच्या आत पाणी आणि गाळ बसून राहतो, पहिले काही ब्रेक घसरत जातात. जाणता ड्रायव्हर म्हणून पाण्यातून निघाल्यावर डाव्या पायानं ब्रेक हलका धरून थोडं अंतर जातो आणि लायनर वाळवतो. डिस्कवरचं पाणी फिरताना उडून जातं.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. तिचा डंका वाजला तो १९५३ साली, फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत जग्वारची गाडी डनलॉपच्या डिस्कवर जिंकली तेव्हा. एकदा गाडी थांबवून दाखवायची असती तर ड्रमही मागे पडला नसता. चोवीस तास पुन्हा पुन्हा थांबवायचं होतं, तिथं ड्रम दमला. चांगला ड्रम पहिल्या ब्रेकला चाक जाम करू शकतो, आणि चाक जाम झाल्यावर थांबवणारा असतो टायर. टायर गुळगुळीत असेल तर डिस्क टाकून काही होणार नाही.

आता कामाकडे येऊ. बदल कुठं शोभतो? हलक्या गाडीत. जुनी जीप घ्या. तिला मुळात नऊ इंची ड्रम, आणि आज तिच्यात डिझेल इंजिन बसवून लोक हायवेवर ऐंशीनं पळवतात. तिथं पुढच्या दोन चाकांना डिस्क देणं शहाणपणाचं आहे. मागचे ड्रम राहू द्यावेत. ब्रेक लागताना गाडीचं वजन पुढं येतं, मोठं काम पुढची चाकं करतात, आणि हँडब्रेकला मागचा ड्रम सोयीचा पडतो. रिंगरोडच्या कापड मार्केटबाहेर ताके भरायला उभा असलेला टाटा एस, आपला छोटा हाथी, वाकून बघा. पुढं डिस्क, मागं ड्रम. कंपनीनं पूर्ण विचार करून तेच ठेवलंय.

जीपवाले बहुधा बोलेरोचा पुढचा हब, डिस्क आणि कॅलिपर शोधतात. सामान मिळतं. ब्रेकचं सामान बनवणारा एक जुना कारखाना तर आपल्या ताप्ती लाइनवर जळगावलाच आहे, कल्याणी ब्रेक्सचा, पुढे तो बॉशकडे गेला. सामानाची अडचण नाही, अडचण जोडणीची आहे.

सगळ्यात आधी बूस्टर. मघाशी सांगितलेली खुबी डिस्कमध्ये नाही, त्यामुळे नुसतं डिस्क लावून जुनंच पेडल ठेवलं तर पाय दगडावर ठेवल्यासारखा वाटतो आणि गाडी थांबत नाही. व्हॅक्युम बूस्टर हवाच. पेट्रोल इंजिनात व्हॅक्युम मॅनिफोल्डमधून मिळतो, डिझेलमध्ये तो तसा मिळत नाही. तिथं व्हॅक्युम पंप लागतो, जो आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. जीपमध्ये डिझेल इंजिन टाकताना साधा अल्टरनेटर लावला असेल तर बूस्टर बसवूनही तो मेलेलाच.

दुसरा मास्टर सिलिंडर. जुन्या जीपचा मास्टर पायाखाली, फ्लोअरच्या खाली असतो आणि त्यात ऑइलचा एकच मार्ग असतो. कुठंही एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. दोन कप्प्यांचा टँडम मास्टर टाकला तर पुढचं आणि मागचं ऑइल वेगळं राहतं, एक बाजू गेली तरी दुसरी उरते. मला विचाराल तर डिस्कच्या आधी हा बदल करावा. पैसे एकाच कामापुरते असतील तर ड्रम ठेवा आणि टँडम मास्टर टाका. शिवाय कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला ऑइल जास्त लागतं, म्हणून मास्टरचा बोअर त्या मापाचा बघावा लागतो. लहान असेल तर पेडल फ्लोअरला टेकेल, फार मोठा असेल तर पाय दुखेपर्यंत दाबावं लागेल.

एक बारीक गोष्ट बरेच मेकॅनिक विसरतात. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, साधारण दहा पौंडांचा, व्हील सिलिंडरची रबरं पसरलेली राहावीत म्हणून. तोच व्हॉल्व्ह डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड चकतीला चिकटून राहतात, चाक तापतं आणि ॲव्हरेज पडतं. आणि मास्टर कॅलिपरच्या खाली बसला असेल तर ऑइल मागं उतरू नये म्हणून दोन पौंडांचा हलका व्हॉल्व्ह लागतो.

मागच्या ड्रमकडे जाणारा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही हवा. तो नसेल तर पावसात मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीची शेपटी फिरते. रिम बसते का, कॅलिपर रिमला घासतो का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर रबरी होज ताणतो का, हे गाडी जॅकवर असतानाच बघून घ्यायचं. ऑइल डॉट-३ किंवा डॉट-४, नवीन, सीलबंद डब्यातलं. कोरडं डॉट-३ दोनशे पाच अंशांवर उकळतं, पण हवेतली ओल पिऊन जुनं झालेलं एकशे चाळीसच्या आसपासच उकळू शकतं. सुरतेच्या दमट हवेत उघडा ठेवलेला डबा म्हणजे कचरा. उकळलेल्या ऑइलची वाफ झाली की पेडल स्पंजासारखं दबतं, मग ड्रम असो की डिस्क.

जुने ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या पाइपानं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ती बारीक धूळ फुप्फुसात गेली की तिथंच बसते. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं बंद पिशवीत टाका. गॅरेजमधल्या पोरांना कोणी हे सांगत नाही, म्हणून रेडिओवर सांगतोय.

आता मोठ्या ट्रकचं. भरून कोंडाईबारी उतरणाऱ्या दहा-सोळा टनांच्या जुन्या ट्रकला डिस्क लावावी का? माझं उत्तर सरळ आहे, लावू नये. त्या वजनाचा ॲक्सल, हब आणि रिम ड्रमसाठी बेतलेली आहेत. लोखंड कापून, वेल्डिंग करून बसवलेला कॅलिपर उतारावर तुटला तर मागं येणारी बस काय करेल याचा विचार करा. मोठ्या गाड्यांत ब्रेक हवेचे असतात. त्यांच्या पार्किंग ब्रेकमध्ये जाड स्प्रिंग असते आणि हवा गेली की ती स्प्रिंग ब्रेक लावते, म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबण्याच्या बाजूला झुकते. ही रचना ड्रमवर वर्षानुवर्षं तपासली गेली आहे, आणि तिचं सामान सोनगडच्या ढाब्याशेजारीही मिळतं. अशा ट्रकला हवंय ते वेगळंच आहे. ड्रम लेथवर टर्न मारून गोल केलेला, चारही चाकांना एकाच बनावटीचे लायनर, लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारे स्लॅक ॲडजस्टर वेळच्या वेळी मारलेले, इंजिनाच्या जोरावर वेग आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक चालू, आणि ड्रायव्हर घाट ज्या गेअरमध्ये चढला त्याच गेअरमध्ये उतरणारा. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्याला कुठलाही ब्रेक वाचवू शकत नाही.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफाराबद्दल आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत असं बजावलं आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय झाली, तिच्यात व्हीए ही अक्षरं असलेला नंबर मिळतो, पण तिथंही चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत अशी अट आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. काढलेले मूळ ड्रम भंगारात देऊ नका, तेल लावून पोत्यात बांधून ठेवा.

काम झाल्यावर गाडी लगेच हायवेला काढू नये. आधी चाकं वर उचलून हातानं फिरवून बघा, मग ब्रेकच्या लाइनमधली हवा काढा, मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून. पेडल घट्ट दाबून एक मिनिट धरा, ते हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळती आहे. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून हलके ब्रेक पुन्हा पुन्हा लावा, मध्ये गार होऊ द्या, म्हणजे पॅड चकतीवर बसतात. गाडी एका बाजूला ओढत असेल तर परत गॅरेज.

आणि ज्यांची गाडी ड्रमवरच आहे, बदलायचीही नाही, त्यांना एवढंच सांगणं: येत्या पावसाळ्याआधी चारही ड्रम एकदा उघडून बघा, ब्रेक ऑइल बदला, आणि हे काम होईपर्यंत सापुतारा-कोंडाईबारीचा बेत पुढं ढकला.