फुग्यातलं आकाश, अंगणातलं आकाश

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज सकाळपासून या सभागृहात जो भलामोठा काळा फुगा उभा आहे, त्यात वाकून, रांगत जाऊन तुमच्यापैकी बहुतेकांनी भरदिवसा तारे पाहिले. हे फिरतं तारांगण घेऊन आम्ही चार-पाच जण शाळाशाळांतून हिंडतो. त्याबद्दल दोन शब्द बोलावेत, अशी समितीची आज्ञा झाली.

तारांगण ही तशी मोठ्या शहराची वस्तू. जर्मनीत म्यूनिक येथे १९२३ साली झाइस कंपनीच्या यंत्राने घुमटावर तारे उमटवले. आपल्याकडे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली, तर मुंबईत वरळीला नेहरू तारांगण १९७७ साली सुरू झालं. पण खेड्यातल्या पोरानं मुंबईला जायचं कसं? एसटीचं भाडं, तिकीट, बापाचा बुडालेला रोज, हे सगळं धरलं तर ते आकाश फार महाग पडतं.

गंमत म्हणजे त्याच १९७७ साली अमेरिकेत फिलिप सॅडलर या शिक्षकानं पंख्याच्या हवेनं फुगणारा घुमट तयार केला. आत भोकं पाडलेलं नळकांडं आणि मध्ये दिवा, एवढ्यावर तारे दिसायचे. आता नळकांड्याच्या जागी संगणक आणि प्रोजेक्टर आला. माशाच्या डोळ्यासारखं फुगीर भिंग लावलं, की चित्र सबंध घुमटभर पसरतं. भिंग परवडत नसेल तर गोल आरसाही चालतो. स्टेलॅरियम नावाची तारे दाखवणारी संगणक-प्रणाली तर फुकट मिळते. वीज गेली, तर पंखा थांबून घुमट हळूहळू खाली बसतो. म्हणून बाहेर कसं पडायचं ते मुलांना आधीच शिकवून ठेवतो.

या नव्या यंत्राचा मोठा गुण कोणता? तारे सुंदर दिसतात, हा नव्हे. यात काळ पळवता येतो, हा. आम्ही सूर्याच्या वाटेवर बारा राशींचे बारा सारखे भाग आखतो आणि शनीला सोडून देतो. मुलं मोजायला लागतात. शनी पुढं जातो, मध्येच मागं सरकल्यासारखा दिसतो, कारण आपली पृथ्वी त्याला आतल्या बाजूनं ओलांडून जाते. मग पुन्हा पुढं. एक फेरी व्हायला सुमारे २९.५ वर्षं, घुमटात एक मिनिट. म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं.

आता साडेसातीचा हिशोब करा. आपल्या राशीच्या मागची रास, आपली रास आणि पुढची रास, तीन अडीच साडेसात! पण कधीही पाहिलं तरी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असणारच. म्हणजे दर चार माणसांत साधारण एक. चाळीस मुलांच्या वर्गात दहा! २९ मार्च २०२५ ला शनी मीन राशीत गेला, तेव्हा कुंभ, मीन आणि मेष या राशींच्या जगभरच्या कोट्यवधी माणसांचं नशीब एकाच वेळी फिरलं म्हणायचं का?

एका खेड्यातल्या शाळेत हा हिशोब झाल्यावर सातवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, मग आमच्या बाबांनी शांतीला उसने पैसे कशाला काढले?" घुमटात एकदम चिडीचूप झालं. आम्ही काय बोलणार? तेवढ्यात मागून एक पोरगा बोलला, "पण सर, हे तर तुम्ही कॉम्प्युटरवर केलंय. खरं कशावरून?"

बंधूंनो, त्या पोरानं आम्हाला शिकवलं. भविष्य सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका म्हणायचं आणि स्वतःच्या यंत्रावर मात्र ठेवा म्हणायचं, हे कुठलं विज्ञान? त्या रात्री आम्ही मुक्काम केला. शाळेच्या मैदानात साधी दुर्बीण लावली. मुलांनी कडं असलेला शनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. सुमारे १४३ कोटी किलोमीटरवरून सूर्याभोवती फिरणारा तो गोळा! त्या मुलीचे वडीलही आले होते. बराच वेळ डोळा लावून उभे राहिले, बोलले काहीच नाहीत. निघताना आम्ही मुलांना वही दिली: दर पंधरवड्याला शनी कोणत्या ताऱ्याजवळ आहे, ते काढून ठेवा. घुमटात पाहिलेली चाल वहीत उतरते का, ते तुम्हीच ठरवा.

तेव्हापासून आमचा नियम आहे. दिवसा घुमट आणि आकाश मोकळं असेल तर रात्री अंगण. नुसता घुमट दाखवला तर मुलं "पिक्चर मस्त होता" म्हणून घरी जातात.

म्हणून समितीला विनंती, आज संध्याकाळी गच्चीवरचे दिवे तासभर बंद ठेवा. आम्ही दुर्बीण आणली आहे. लहानांनी यावंच, पण त्यांच्या आई-बाबांनी आधी यावं. आणि आम्ही जे सांगू त्यावर "कशावरून?" असं जरूर विचारावं.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जय भीम.