पटावरचे नकाशे आणि संगणकाचे साहाय्य

(पिंपळे गुरव येथे शिक्षक व मावळ-मुळशीकडील पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



विषय खेळाचा आहे, तरी तो पोरकट नाही. नकाशा मांडून त्यावर सोंगट्या हलविण्याचा सराव १८२४ पासून प्रशियाच्या सैन्यात होता. रायसविट्झ या लेफ्टनंटाने त्यासाठी १:८००० प्रमाणाचे नकाशे घेतले होते. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. त्यात एक चौकट पाच फुटांची धरण्याची रीत पडली. आता खेळणारे वेगवेगळ्या गावी बसून संगणकाच्या पडद्यावरील एकाच पटावर खेळतात. त्याची ‘रोल२०’ (२०१२) व ‘फाउंड्री’ (२०२०) ही साधने प्रसिद्ध आहेत.

अशा पटास नुसते चित्र पुरत नाही. चौकटीचा आकार, भिंती, दारे, दिवे यांची नोंद चित्रासोबत द्यावी लागते. हे सर्व एकत्र बांधलेले गाठोडे म्हणजे ‘मॉड्यूल’. भिंतींच्या नोंदीमुळे प्रत्येक सोंगटीस तिच्या जागेवरून जे दिसेल तेवढेच दिसते. भिंतीपलीकडचे झाकलेले राहते. मला या खेळातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

कारण आपण पवनाकाठी बसलो आहोत. जुलै २०२४ मध्ये सांगवी-पिंपळे गुरव परिसरातील सखल वस्त्यांत पाणी शिरले. गल्लीतल्या माणसाला कुंपणाच्या भिंतीमागचे पाणी दिसत नसते. कार्यालयातील नकाशावर मात्र सारे दिसते, आणि म्हणून कागदावरची योजना नेहमी सोपी वाटते. पटावर मुलांना सोंगट्या देऊन पाणी चढत नेले, म्हणजे आजीला कोणत्या दाराने बाहेर काढावयाचे हा प्रश्न खरा होतो.

अडचण श्रमाची आहे. प्रत्येक गल्लीच्या पटाची नोंद हाताने करू लागलो तर पावसाळा निघून जाईल. येथे छोटी संगणकीय आज्ञावली उपयोगी पडते. चित्रे एका फोल्डरमध्ये ठेवावीत आणि नावातच चौकटींची संख्या लिहावी. आज्ञावली चित्राची रुंदी स्वतः मोजते. चित्र २,००० बिंदूंचे आणि चौकटी २० असतील, तर एक चौकट १०० बिंदूंची होते. मग ती नोंदीची फाईल लिहून गाठोडे बांधते. एक पट काय, शंभर काय, तिला सारखेच.

चौकट मात्र आपली घ्यावी. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हे माप शेतकऱ्यास पाठ असते. वीस चौकटींची गल्ली ६६० फुटांची होईल. फुटांऐवजी मीटर लिहिले गेले तर तीच गल्ली तिपटीहून लांब होईल, आणि यंत्र ती चूक शंभर पटांवर बिनतक्रार उमटवील. म्हणून पहिला पट टेपने मोजून पडताळल्यावाचून पुढचे काढू नयेत. भिंती ओळखण्याचे कामही सर्वस्वी यंत्रावर सोडू नये. झाडाची सावली त्याला भिंत वाटू शकते. ती जागा तेथे राहणाऱ्यानेच तपासावी.

पिंपळे गुरव महापालिकेत आहे. येथे ग्रामपंचायत नाही. परंतु आपणांपैकी ज्यांच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली आहे, त्यांना मूळ नकाशा आयता मिळेल. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेपूर्वी आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरीस हा प्रयोग झाला होता. एवढे मात्र लक्षात असू द्यावे की, खेळाचा पट हा मोजणीचा पुरावा नव्हे. त्यावरील रेघ दाखवून कोणी बांधाचा वाद घेऊन आला, तर त्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडेच पाठवावे. तसा ठळक शेरा प्रत्येक पटावर छापावा. तेही आज्ञावलीस सांगता येते.

शाळेत संगणक नसेल त्यांनी थांबू नये. याच चौकटी पटांगणात चुन्याने आखता येतात, आणि भिंतीच्या जागी दोन मुलांनी चादर धरली तरी पलीकडचे झाकले जाते.