टाळू भरताना लागलेली गाठ



संयोजकांनी मला सॉफ्टवेअरमधल्या नोकरीबद्दल बोलायला सांगितलं होतं. ते जेवताना कोणीही विचारा, सांगेन. ही दहा मिनिटं मला तान्ह्या बाळांच्या डोक्यावर येणाऱ्या गाठींबद्दल बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. पण हा विषय आमच्या घरात येऊन गेला आहे. शिवाय आपल्यातले कितीतरी जण आज शिक्षक आहेत, काही जणी अंगणवाडीत आहेत, आणि एक-दोघांकडे तर नातवंडांची चाहूल लागली आहे.

माझी भाची चार महिन्यांची होती. आई तिची टाळू भरत असताना कडेला हरभऱ्याएवढं काहीतरी टणक हाताला लागलं. पंधरा दिवसांत ते सुपारीएवढं झालं आणि वरची कातडी निळसर दिसू लागली. सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं, दृष्ट काढा. कोणी म्हणालं, बिब्बा घाला. वहिनीने कोणाचंच ऐकलं नाही. ती बाळाला घेऊन आपल्या उपजिल्हा रुग्णालयात गेली, तिथून सोलापूरला आणि तिथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मुंबईला.

घाबरून जाऊ नका, म्हणून आधी एक सांगते. बाळाच्या डोक्यावरची बहुतेक टेंगळं निरुपद्रवी असतात. बाळंतपणात डोक्यावर दाब येऊन हाडावर रक्त साकळतं. ते टेंगूळ जन्मानंतर एक-दोन दिवसांत दिसतं आणि काही आठवड्यांत आपोआप जिरतं. त्यात सुई घालायची नसते. भुवईच्या टोकाशी येणारी डर्मॉइड नावाची गाठ हळूहळू वाढते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने सवडीने काढता येते.

भाचीची गाठ यातली नव्हती. मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर ऑफ इन्फन्सी असं तिचं लांबलचक नाव. १९१८ साली क्रोम्पेखर या हंगेरियन डॉक्टरांनी तिचं पहिलं वर्णन केलं. तेव्हापासून जगभरात अशा काहीशेच रुग्णांची नोंद झाली आहे. ती बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच होते. वरच्या जबड्यात जास्त, कवटीत कमी. सहसा ती कर्करोगाची नसते, पण झपाट्याने वाढते आणि हाड पोखरते. शस्त्रक्रिया हाच तिच्यावरचा मुख्य उपाय.

ही शस्त्रक्रिया अवघड का, हे मला सर्जननी एका आकड्यात समजावलं. बाळाच्या अंगात दर किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. भाचीचं वजन सहा किलो, म्हणजे सगळं मिळून अर्ध्या लिटरपेक्षाही कमी. रक्तदान शिबिरात आपण एका वेळी ३५० मिलिलिटर देतो! त्यातच टाळूच्या खालून मेंदूची मोठी रक्तवाहिनी जाते. त्यामुळे गाठ पूर्ण काढायची, सभोवतालचं थोडं हाडही काढायचं, आणि थेंबाथेंबाचा हिशेब ठेवायचा. आधी स्कॅनचे पातळ-पातळ काप संगणकात एकावर एक रचून कवटीचं चित्र तयार केलं होतं. ते काम कसं चालतं हे मला ठाऊक होतं. तरी त्या पडद्यावर आपल्या घरातलं बाळ बघताना माझे हात गार पडले.

हाड काढलेल्या जागेचं काय, असं भावाने विचारलं. एवढ्या लहान वयात मेंदूवरचं जाड आवरण स्वतःच नवं हाड तयार करतं, त्यामुळे छोटी पोकळी आपोआप भरून येते. मोठ्या माणसाला ही सोय नाही. गाठ पुन्हा उगवण्याची भीती असते, तीही मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत. म्हणून तपासणीची एकही तारीख चुकवायची नाही. भाची आता तिसरीत आहे. वेणी घालताना भांगात पांढरा वण दिसतो, एवढंच.

आता कामाचं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी एकही मूल गैरहजर राहणार नाही, हे तुम्ही बघा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या आणि मुलांच्या शस्त्रक्रियाही येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. शेत विकायला काढण्याआधी त्यांना भेटा. मुंबईत परळला १९२९ पासून मुलांचं वाडिया रुग्णालय आहे, १९४१ पासून टाटा रुग्णालय आहे. रस्ता लांबचा आहे, पण माहितीतला आहे.

बाळाच्या डोक्यावरची गाठ वाढत असेल, टणक असेल, रंग बदलत असेल, किंवा बाळ शांत असतानाही टाळू फुगलेली राहत असेल, तर लेप नको, डाग नको, बिब्बा नको. लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि रोज तेल लावणारी आजी "काहीतरी हाताला लागतंय" म्हणाली, तर तिला "तुला काय कळतं" म्हणू नका. आमच्या घरी सगळ्यात आधी तिलाच कळलं होतं.