सहा महिन्यांचे वर्ष होते तेव्हा
(भाषणाचा मजकूर)



लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे आज वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी राज्यभर ओळखली जातात. प्रवेश मिळालेल्या मुलामुलींचे फलक गावोगावच्या चौकात लागतात, ग्रामपंचायती त्यांचा सत्कार करतात. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून, तर लातूरचे शासकीय महाविद्यालय २००२ पासून डॉक्टर घडवीत आहे. प्रवेशाच्या दाराशी काय घडते, हे त्यामुळे या भागात घराघरांत ठाऊक आहे. बाहेर पडण्याच्या दाराशी काय घडते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. एखादा विद्यार्थी आपल्या तुकडीच्या मागे पडून चार-सहा महिने उशिरा पदवीधर झाला, तर त्याच्या पदव्युत्तर प्रवेशाचे आणि परवान्याचे काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम क्रम ध्यानात घ्यावा लागेल. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण होऊन अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर विद्यार्थ्यास महाराष्ट्र वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी मिळते. तिच्या आधारे तो रुग्णालयात १२ महिन्यांची आंतरवासिता करतो. मर्यादेबाहेर रजा झाली तर तितके दिवस पुढे वाढतात. आंतरवासितेचे प्रमाणपत्र हाती आल्यानंतर परिषद कायम नोंदणी देते, आणि तेव्हाच त्याला स्वतंत्रपणे रुग्ण तपासण्याचा अधिकार प्राप्त होतो. परवान्याच्या बाबतीत उशिराचा हिशेब सरळ आहे. पदवी सहा महिने लांबली तर नोंदणी सहा महिने लांबते, त्याहून अधिक काही बिघडत नाही.

पदव्युत्तर प्रवेशाचे गणित निराळे आहे. ती परीक्षा देशभर वर्षातून एकदाच होते आणि आंतरवासिता अमुक दिनांकापर्यंत पूर्ण झालेली असावी, अशी तिची अट असते. मुक्कामाची एस.टी. पाच मिनिटांनी चुकली तर नुकसान पाच मिनिटांचे होत नाही, सगळ्या रात्रीचे होते. तसाच हा प्रकार आहे. २०१८ ते २०२० या काळातील व्यवस्था पाहावी. परीक्षा जानेवारीत होई, आंतरवासिता ३१ मार्चपर्यंत संपावी लागे आणि पदव्युत्तर वर्ग मे महिन्यात सुरू होत. ज्याची आंतरवासिता फेब्रुवारीअखेर संपली, तो त्याच वर्षीच्या मे महिन्यात निवासी डॉक्टर होऊ शके. ज्याची ऑगस्टअखेर संपली, त्याला पुढील वर्षीच्या मेपर्यंत थांबावे लागे. मागे पडला सहा महिन्यांनी, गमावले मात्र पूर्ण वर्ष. ‘ऑड बॅच’ हा शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडी इतका कडवट का झाला, याचे उत्तर या हिशेबात आहे.

अशा तुकड्या राहूच नयेत, असे धोरण आता स्वीकारण्यात आले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार मुख्य परीक्षेच्या निकालानंतर पुरवणी परीक्षा व तिचा निकाल तीन ते सहा आठवड्यांत उरकावयाचा असतो. तीत उत्तीर्ण होणारा आपल्या मूळ तुकडीतच राहतो. अनुत्तीर्ण होणारा पुढील वर्षाच्या तुकडीत जातो. मधली सहामाही तुकडी नाही. हा नियम स्वागतार्ह आहे. परंतु त्याची दुसरी धारही दिसली पाहिजे, कारण पुरवणी परीक्षेत घसरलेल्याचे आता सहा महिने नव्हे तर थेट वर्ष जाते. शिवाय आजारपण, बाळंतपण किंवा घरची आपत्ती यांमुळे आंतरवासिता लांबणारे विद्यार्थी राहणारच. २०२५ च्या परीक्षेसाठी आंतरवासितेचा अखेरचा दिवस ३१ जुलै होता. ज्याची १० ऑगस्टला संपली, त्याचे दहा दिवस एका वर्षाच्या मोलाचे ठरले.

यात विद्यार्थ्याचाच दोष असतो, असे मात्र मानू नये. काही वेळा दिनदर्शिकाच हलते. करोनाच्या साथीत २०२१ ची प्रवेश परीक्षा एप्रिलऐवजी ११ सप्टेंबरला झाली. त्यापुढील परीक्षा २१ मे २०२२ रोजी, नंतरची ५ मार्च २०२३ रोजी, २०२४ ची जूनमधील दिनांकाच्या आदल्या रात्री रद्द होऊन ११ ऑगस्टला, आणि २०२५ ची ३ ऑगस्टला झाली. साथीमुळे विद्यापीठांच्या अंतिम परीक्षाही रेंगाळल्या होत्या. त्यामुळे २०२३ साली ३१ मार्च ही मुदत कायम राहती, तर अनेक राज्यांतील हजारो विद्यार्थी अपात्र ठरते. अखेर ती आधी ३० जून आणि मग ११ ऑगस्टपर्यंत वाढविण्यात आली. मुदत वाढली म्हणून कित्येकांचे वर्ष वाचले. मात्र मुदतवाढ मिळेल, या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

या विलंबाची झळ रुग्णालयालाही लागते. २०२१ च्या परीक्षेनंतर न्यायालयीन वादामुळे प्रवेशफेऱ्या जानेवारी २०२२ पर्यंत थांबल्या, आणि नव्या निवासी डॉक्टरांची एक संपूर्ण तुकडी महिनोन्‌महिने कक्षात आलीच नाही. रात्रपाळ्यांचा भार वरच्या वर्गातील डॉक्टरांवर पडला.

परदेशात शिकणाऱ्यांची अडचण आणखी गुंतागुंतीची असते. त्यांना भारतात परवाना मिळविण्यासाठी साधारणतः वर्षातून दोनदा होणारी, ३०० गुणांपैकी १५० गुणांची पात्रता असलेली परीक्षा द्यावी लागते आणि तत्पूर्वी पदवी हातात असावी लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर युक्रेनमधून परतलेल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना ३० जून २०२२ पर्यंत पदवी पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले, त्यांना आयोगाने या परीक्षेस बसू दिले; मात्र उत्तीर्ण झाल्यावर एकाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता लावली. अमेरिकेतही निवासी डॉक्टरांचे वर्ष सामान्यतः १ जुलैला सुरू होते आणि जागांचा निर्णय मार्चमध्ये लागतो. ज्याची पदवी तोवर पूर्ण होत नाही, तो तेथेही बहुधा पुढच्या जुलैची वाट पाहतो.

पदवीच्या अखेरची परीक्षा आणि पदव्युत्तर गुणवत्ता या दोहोंसाठी एकच राष्ट्रीय परीक्षा घेण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. २०२३ मध्ये ती पुढे ढकलण्यात आली. ती लागू होईल त्या दिवसापासून परवाना आणि प्रवेश हे दोन्ही एकाच वेळापत्रकाला बांधले जातील, आणि आज सरळ असलेला परवान्याचा हिशेबही तितका सरळ राहणार नाही.

मधल्या वर्षाचे काय करावे, हा प्रश्न घरातील वडीलधारे विचारतात. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यावर राज्यात एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेची जबाबदारी असते. कायम नोंदणी होताच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ती सेवा देता आली, तर वर्ष रिकामे जात नाही, आणि त्या केंद्रालाही डॉक्टर लाभतो. शैक्षणिक कर्ज असेल, तर परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. अभ्यासक्रम लांबल्याचे महाविद्यालयाचे पत्र बँकेला वेळीच दिले पाहिजे. मुदतवाढ मागता येते, पण हप्ता थकल्यानंतर नव्हे.

तहसील कार्यालयांचाही येथे संबंध येतो. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र वित्तीय वर्षापुरतेच चालते, आणि उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्रालाही मुदत असते. प्रवेश एका वर्षाने पुढे गेलेला विद्यार्थी तीच जुनी कागदपत्रे घेऊन प्रवेशफेरीत उभा राहतो आणि राखीव जागेवरील हक्क ऐन वेळी गमावतो. म्हणून असा अर्जदार खिडकीशी आला, तर त्याला कागद कोणत्या वर्षाच्या प्रवेशासाठी हवा आहे, एवढे लिपिकाने आवर्जून विचारावे.