बालकांचा मधुमेह : प्रकार आणि कारणे
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मधुमेह म्हटला की पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आठ वर्षांच्या मुलास हा विकार जडल्याचे कळताच प्रथम त्याच्या मातेकडे बोट दाखविण्यात येते. फार गोड खाऊ घातले, फार लाड केले! कोणी तर पूर्वजन्मीचे पातक काढतात. या समजुतींनी रोगाइतकीच हानी केली आहे, म्हणून आम्ही हा विषय योजिला. आम्ही वैद्य नाही. जाणत्या डॉक्टरांकडून जे समजावून घेतले तेच सांगत आहोत.

बालवयात बहुतांशी आढळतो तो या विकाराचा पहिला प्रकार होय. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातील विशिष्ट पेशी इन्शुलिन निर्माण करतात व त्याच्या साहाय्याने रक्तातील साखर शरीराच्या कामी येते. रोगजंतूंशी लढणारी शरीराची संरक्षक शक्तीच या प्रकारात त्या पेशींस शत्रू मानून त्यांचा नाश करते. पहारेकऱ्याने घरच्याच माणसावर काठी चालवावी, तसे हे होय. असे का घडते? काही अंशी आनुवंशिक प्रवृत्ती असते व एखाद्या विषाणूचा संसर्ग निमित्त होत असावा, इतकेच शास्त्र सांगते. पुष्कळदा घराण्यात पूर्वी कोणासही हा रोग नसतो. मिठाई हे त्याचे कारण नव्हे, हे मात्र निश्चित.

असे मूल वारंवार लघवीस जाते, घटाघटा पाणी पिते व खाऊनही वाळत जाते. सुटलेली अंथरूण ओले करण्याची खोड पुन्हा लागते. (वर्गातून सारखे बाहेर जाऊ मागणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी लगेच उनाड ठरवू नये.) पुढे ओकाऱ्या, पोटदुखी व धाप लागून श्वासास पिकल्या फळासारखा वास येऊ लागला, तर एक तासही दवडू नये. बोटाच्या थेंबभर रक्तावरून निदानाची दिशा मिनिटभरात कळते.

१९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले आणि १९२२ च्या जानेवारीत ते चौदा वर्षांच्या एका मुलास प्रथम टोचण्यात आले. तत्पूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. हे द्रव्य पोटात गेल्यास पचून जाते, म्हणून टोचूनच द्यावे लागते. उपचार सुरू झाल्यावर काही मुलांत उरल्यासुरल्या पेशी थोडे काम करू लागतात आणि काही महिने इन्शुलिनची गरज बरीच घटते. डॉक्टर यास 'मधुचंद्राचा काळ' म्हणतात. नेमक्या याच वेळी कोणाचा तरी काढा किंवा अंगारा चालू असतो व श्रेय त्यास मिळते! सुई बंद होते, आणि मूल मरणाच्या दारी जाते. काढ्यास आमचा विरोध नाही. सुई बंद करण्यास आहे.

दुसरा प्रकार पूर्वी प्रौढांचाच मानला जाई. आता तो वयात येणाऱ्या स्थूल मुलामुलींतही दिसतो. येथे इन्शुलिन असते, पण शरीर त्यास दाद देत नाही. मानेवर काळी, जाडसर त्वचा दिसते. आया ती मळ समजून घासत बसतात. येथे मात्र आहार, बैठेपणा व घराण्याचा इतिहास यांचा संबंध खरा आहे. सहा महिन्यांच्या आतील अर्भकास मधुमेह झाल्यास तो बहुधा एखाद्या जनुकातील दोषामुळे असतो; त्यांपैकी काहींस सुईऐवजी गोळ्या लागू पडतात, म्हणून जनुकीय तपासणी अवश्य करावी.

विवाहाच्या चिंतेने मुलीचा आजार लपविणारी घरे आपल्याही ज्ञातीत आहेत. नीट उपचार घेणारी मुलगी शिकते, संसार करते, माताही होते. लपविलेल्या मुलीस सासरी चोरून सुई टोचावी लागते, आणि चोरून केलेले काम एक ना एक दिवस चुकते. वसतिगृहातील मुलांचेही तसेच. साखर एकाएकी उतरून घाम व कंप सुटला, तर शुद्धीवर असतानाच चमचाभर साखर तोंडात घालावी लागते; शेजारच्या मुलास हे ठाऊक नको काय? आमच्या मंडळाच्या वसतिगृहात शीतकपाटाचा एक कप्पा इन्शुलिनसाठी राखून ठेवावा व प्रवेशपत्रात या आजाराची नोंद विचारावी, मात्र त्यावरून कोणास प्रवेश नाकारू नये, अशी कार्यकारिणीस आमची विनंती आहे.