गिटारीचा सूर : कांटा आणि कान

शहरांतील एक मध्यम स्थितीचें घर डोळ्यांपुढें आणावें. घरांतील मुलगी पांच-सहा वर्षें गाणें शिकत आहे. तिचा तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यांत उभा असतो. धाकट्या मुलास दहावींत बरे गुण मिळाले म्हणून वडिलांनीं त्यास गिटार घेऊन दिली आहे, आणि तिच्याबरोबर सूर दाखविणारें एक लहानसें यंत्रहि आलें आहे. त्यास ट्यूनर म्हणतात. मुलगा यंत्राकडे पाहून सहाहि तारा लावतो. प्रत्येक तारेस कांटा मध्यावर येतो, हिरवा दिवा लागतो. मग तो मोठ्या उत्साहानें 'जी'ची कॉर्ड छेडतो, आणि आंतल्या खोलींतून आवाज येतो, "अरे, तुझा गंधार चढा लागतोय!"

"ताई, यंत्र बरोबर दाखवतंय."

"यंत्राला कान असतात का?"

वडील वर्तमानपत्र खालीं ठेवून गिटार दुकानांत परत नेण्याची भाषा बोलूं लागतात. तंटा क्षुल्लक दिसतो खरा; परंतु असल्या तंट्यांतूनच कित्येक गिटारी महिना-दोन महिन्यांत कपाटावर जाऊन बसतात. आपणांस सूर कळत नाहीं, अशी मुलाची समजूत होते, आणि ती कधीं कधीं जन्मभर टिकते. वास्तविक या घरांत चूक कोणाचीच झालेली नसते.

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली असतां तिच्यांतून षड्जाबरोबरच एक सूक्ष्म गंधार आपोआप उमटतो. गवई त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. मूळ तारेच्या पांचपट कंपनांचा हा स्वर होय. ज्या मुलीनें पांच वर्षें हा गंधार ऐकला, तिचा कान त्याच मापाचा घडलेला असतो. सप्तकाचे १२०० सारखे सूक्ष्म भाग कल्पिले (या भागास सेंट म्हणतात) तर हा गंधार षड्जापासून सुमारें ३८६ सेंटांवर पडतो. गिटारीचें तसें नाहीं. सतारीचे पडदे सरकवितां येतात. गिटारीचे दांडींत कायमचे ठोकलेले असतात. कोणत्याहि स्वरास षड्ज मानून वाजवितां यावें, म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग करून ते बसवितात. प्रत्येक भाग १०० सेंटांचा. त्यामुळें गिटारीचा गंधार ४०० सेंटांवर येतो, म्हणजे १४ सेंट चढा. पंचमांतील फरक अवघा २ सेंटांचा असून तो बहुतेकांच्या कानास जाणवतहि नाहीं. यंत्रासहि बारा सारख्या भागांचेंच माप शिकविलेलें असतें. तेव्हां पडदे आणि यंत्र यांचें एकमत व्हावें व बहिणीचें मत निराळें पडावें, यांत नवल कसलें?

हें माप कांहीं आजकालचें नव्हे. विन्सेंझो गॅलिली या इटालियन पंडितानें १५८१ सालीं ल्यूट नांवाच्या वाद्याचे पडदे बसविण्यास १८ ला १७ हें प्रमाण सांगितलें. त्यानें पडदा ९९ सेंटांवर पडतो. हा विन्सेंझो म्हणजे दुर्बिणीच्या गॅलिलिओचा बाप. बापानें तारा मोजल्या, मुलानें तारे. आपल्याकडे हाच वाद बाजाच्या पेटीवरून झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साह्यानें श्रुति दाखविणारी पेटी करविण्याचा खटाटोप केला. पुढें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीस आपल्या केंद्रांतून बंदीच केली, ती १९७१ मध्यें शिथिल झाली. त्या मुलास हें सांगितल्यास, आपल्या कॉर्डवरील आक्षेप केवढ्या थोर कुळांतला आहे हें तरी त्यास कळेल.

आतां यंत्राच्या निवडीविषयीं. सर्वांत जुनें साधन म्हणजे नादकाटा. जॉन शोअर या इंग्रज वादकानें तो १७११ सालीं काढला. आजचा नेहमींचा नादकाटा सेकंदास ४४० कंपनांचा 'ए' स्वर देतो. हाच स्वर १९५५ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून ठरला. काट्यास बॅटरी लागत नाहीं आणि तो सहसा बिघडत नाहीं. परंतु तो एकच स्वर सांगतो, बाकीच्या तारा कानानें लावाव्या लागतात, आणि नवशिक्यास नेमकें तेंच जमत नाहीं. मोबाइल फोनवरील ट्यूनर फुकट मिळतात व शांत खोलींत चांगलें काम देतात. मात्र ते हवेंतील आवाज ऐकतात. पंखा, टीव्ही, शेजारचा तंबोरा, सर्वच त्यांच्या कानीं पडतें व कांटा भांबावतो. म्हणून साध्या गिटारीस चिमट्याचा ट्यूनर उत्तम. तो दांडीच्या शेंड्यास लावावयाचा. लांकडाचें कंपन तो घेतो. हवेंतील गलबल्याशीं त्यास कर्तव्य नाहीं. पायानें दाबावयाचे ट्यूनर विजेच्या गिटारवाल्यांसाठीं, आणि फार सूक्ष्म मापाचे स्ट्रोब ट्यूनर दुरुस्ती करणारांसाठीं; त्यांवर घरच्या मुलानें पैसे घालूं नयेत.

घेतांना दोन गोष्टी मात्र अवश्य पाहाव्या. ट्यूनर बाराहि स्वर ओळखणारा, म्हणजे 'क्रोमॅटिक' असावा. नुसते गिटारीच्या सहा तारांचेच स्वर जाणणारा पुढें अपुरा पडतो. आणि ४४० हा आंकडा त्याच्या कांचेवर दिसावा. चुकून कळ दाबली जाऊन तेथें ४३२ किंवा ४४५ झालेले असले, म्हणजे हिरवा दिवा लागत राहतो आणि गिटार मात्र दुसऱ्या कोणत्याहि वाद्याशीं जुळत नाहीं.

तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. पहिल्या व सहाव्या तारेचें अक्षर एकच. पण जाड तारेचीं कंपनें ८२.४१ आणि बारीक तारेचीं ३२९.६३. बरेचसे ट्यूनर अक्षर दाखवितात, सप्तक दाखवीत नाहींत. त्यामुळें सुराच्या पुढें निघून गेलेली तार मुलगा पुढच्या 'ई'साठीं पिळीतच राहतो, आणि ती तुटून हातावर बसते. कधीं तर छेडलेली तार एक व फिरविलेली खुंटी दुसरीच असते. खुंटी फिरवितांना डोळे कांट्यावर असले तरी कान तारेवर हवा: सूर चढतो आहे कीं उतरतो आहे, एवढें तरी कोणासहि ऐकूं येतें.

तार नेहमीं खालून चढवीत सुरास आणावी. पुढें गेली तर चांगली खालीं उतरवून पुन्हां चढवावी. वरून उतरवीत आणलेल्या तारेंत, खुंटीच्या चक्रांत आणि शेंड्याजवळच्या खांचेंत थोडी ढिलाई राहून जाते, व दोन कॉर्ड वाजवितांच ती उतरते. छेडावयाचें तेंहि हलकेंच. जोरानें छेडलेल्या तारेचा सूर आरंभीं चढा निघतो. सहा तारा लागल्या कीं काम संपलें असें नाहीं. पोलादी तारांचा एकूण ताण सुमारें सत्तर किलोंचा असतो. एक चढविली म्हणजे लांकूड किंचित् वांकून बाकीच्या उतरतात. म्हणून दुसरा फेरा करावाच लागतो. (याच कारणास्तव नायलॉनच्या तारांसाठीं बनविलेल्या गिटारीस पोलादी तारा कदापि लावूं नयेत, घोडी उखडण्याचें भय असतें.) नव्या तारा कांहीं दिवस ताणल्या जात राहतात, आणि पावसाळ्यांत लांकूड ओल पिऊन फुगतें, त्या काळांत रोज तारा लावाव्या लागल्या तर वाद्यास दोष देऊं नये.

एवढें करूनहि कॉर्ड बेसूर लागल्यास बाराव्या पडद्याची परीक्षा घ्यावी. त्या पडद्यावर तारेस नुसता स्पर्श करून छेडल्यास घंटेसारखा स्वर निघतो; मग तेथेंच तार दाबून छेडावी. दोन्ही स्वर यंत्रावर सारखे यावेत. दाबलेला स्वर बराच चढा आला तर तारा जुन्या झाल्या आहेत, फार उंच आहेत, किंवा घोडी चुकीच्या जागीं बसली आहे. वडिलांस दुकानांत जावयाचेंच असेल तर हें कारण योग्य होय.

कानावर भिस्त ठेवणारे कांहीं वादक पांचव्या व सातव्या पडद्यांवरील हे घंटास्वर एकमेकांशीं जुळवितात. दोन स्वर जवळ येतात तशी त्यांतील वांव्-वांव् अशी लाट मंदावते, आणि लाट थांबली कीं स्वर जुळले. ऐकावयास फार गोड रीत आहे. परंतु तींत शुद्ध पंचम धरला जातो, आणि दर जोडीस २ सेंटांचा फरक साचत जातो. जाड 'ई'पासून 'जी'पर्यंत येतांना 'जी' ६ सेंट उतरते. 'बी' जाड 'ई'शीं जुळविली तर ती २ सेंट चढते. 'जी'पासून 'बी'पर्यंतचें अंतर मग ४०० ऐवजीं ४०८ होतें. शुद्ध पंचमाच्या नादीं लागून गंधार आणखीच चढला!

मुलगा हुशार असेल तर म्हणेल, "ताईला चढा वाटतो ना, मग 'बी' तार १४ सेंट उतरवतो." उतरवून पाहण्यास हरकत नाहीं. 'जी'ची कॉर्ड आतां मधुर लागेल. पण 'ई'च्या कॉर्डमध्यें हीच तार पंचम असते. तो पंचम उघड उतरलेला ऐकूं येईल. 'डी'च्या कॉर्डमध्यें याच तारेचा तिसरा पडदा दाबतात आणि तेथें षड्जच येतो. तो चौथ्या तारेच्या षड्जाशीं भांडूं लागेल. एकाचें समाधान करावयास जावें तर दोन रुसतात. म्हणून सहाहि तारा यंत्राच्या मापानें सोडाव्यात, हाच व्यवहार.

मग भावाबहिणींनीं एकत्र बसावयाचें कसें? बहिणीचा स्वर काळी चार आहे असें समजूं. मुलानें पहिल्या पडद्यावर कॅपो नांवाची पकड लावावी. म्हणजे 'जी'ची बोटें ठेवली असतां काळी चार वाजते. यंत्र बारा स्वरांचें घ्यावें असें वर म्हटलें तें यासाठीं. तंबोऱ्याचा षड्जहि त्याच यंत्रावर पाहून घेतां येतो. त्यानंतर पांचवी तार बोटानें मुकी करावी, व दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर पकडीपासून तिसरे पडदे दाबावेत. सहाव्या तारेवर तिसरा पडदा नेहमींचाच. आतां कॉर्डमध्यें षड्ज व पंचम एवढेच उरतात. गंधार कोणत्याच तारेवर नाहीं. तो तंबोऱ्यांतून येतो आणि ताईच्या गळ्यांतून. पकड लावल्यावर मात्र तारा पुन्हां एकदां यंत्रावर पाहाव्यात, कारण तिच्या दाबानें त्या थोड्याशा चढतात.