काळ्या कपड्यांविषयी थोडेसे
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून एकच प्रश्न ऐकतोय, "काहून रे, नागपूरच्या उन्हात काळा?" सैल आहे, हवा खेळते, एवढंच उत्तर दिलं. खरं उत्तर आता सांगतो.

१९८१ साली रेई कावाकुबो आणि योजी यामामोतो या जपानी डिझायनरांनी पॅरिसमध्ये काळे, ढगळ, वेडेवाकडे कापलेले कपडे दाखवले, तेव्हा तिथेही अनेकांनी नाकं मुरडली. मला मात्र ते फोटो पाहून आईची चंद्रकळा आठवली. शुभकार्यात काळं नको म्हणणारी आई संक्रांतीला त्या काळ्या साडीत काय रुबाबदार दिसायची!

ती गेल्यावर साडी तीन वर्षं कपाटात होती. शेवटी इतवारीतल्या टेलरकाकांकडे नेली. कुडता शिवा, डावी बाजू लांब ठेवा, कड दुमडू नका, म्हटलं. "नाव खराब करता काय माझं?" म्हणाले, पण शिवला. बहिणीने मात्र दोन महिने बोलणं टाकलं. बरोबरच होतं तिचं. कात्री लावण्याआधी विचारायला हवं होतं मी. पदर तेवढा अखंड ठेवला होता. तो आता तिच्याकडे आहे, आणि उरलेली चंद्रकळा ही माझ्या अंगावर.